तोंड दिसलं की ऐकू येतं

९ जानेवारी २०२२, रविवार

ही वही केरीने नाताळात दिली. केरी म्हणजे माझी नात. म्हणाली, "आजी, मनात येईल ते हिच्यात लिही, म्हणजे लोकांना तोंडावर ऐकवायची गरज पडणार नाही." मी म्हटलं, दोन्ही करीन. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कापडगिरणीत मागावर उभी राहिले, त्यानंतर सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. चुका होतील. वाचणार कोण आहे?

आज होरेसला बघून आले. होरेस माझा नवरा. नोव्हेंबरात जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून परस्पर वृद्धाश्रमात गेला, कारण आमच्या घरात स्वयंपाकघर खाली आणि संडास वर. नाताळाच्या आठवड्यात तिथे चौघांना कोरोना झाला आणि दारं बंद झाली. तेव्हापासून भेटायचं ते बाहेर फुलझाडांच्या वाफ्यात उभं राहून, काचेतून.

बाकीचे नातेवाईक काचेवर हात ठेवून रडतात नाहीतर ओरडतात. शेजारच्या खिडकीपाशी एक टकला बाप्या आईला विचारत होता, "आई, जेवलीस का?" अख्ख्या लँकेशायरला कळलं, आईला सोडून. आम्हाला ओरडावं लागत नाही. गिरणीत चारशे माग एकदम खडखडायला लागले की स्वतःचा खोकलाही ऐकू यायचा नाही. म्हणून आम्ही बायका आवाज न काढता, ओठ ताणून, तोंड मोठं करून बोलायचो. त्या भिंतीपाशी कोण कोणाची उणीदुणी काढतंय ते या भिंतीपाशी कळायचं. त्याला आम्ही मी-मॉ म्हणतो. होरेस जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्या खडखडाटातच त्याचे कान गेले. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्याने खणात टाकलंय. चाळीस वर्षं तो माझं बोलणं ऐकतो ते डोळ्यांनी.

"आज रविवार. बटाटे करपवलेस का?" त्याने आतून विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"अठ्ठावन्न वर्षांत कधी नाही करपले?"

तासभर बोललो. पाय गारठून लाकूड झाले.

१५ जानेवारी, शनिवार

आज त्याला जॉबरचा विनोद सांगितला. आमच्याकडे जॉबर लोकांवर विनोद करतात, ते जरा मंदच असतात असं धरून. जॉबरच्या घरात उंदीर झाला म्हणून त्याने मांजर आणलं, आणि मांजर घाबरू नये म्हणून उंदराला बाहेर बांधलं. होरेस म्हणाला, "हा नवा आहे. कोणी रचला, तूच ना? म्हणून हसू येत नाही." आणि हसला.

त्याच्या मागे नसरीन उभी होती, तिथली काम करणारी मुलगी. गुणाची आहे. तिचा आजा आमच्याच गिरणीत रात्रपाळीला होता. ती विचारत होती, काचेतून एक शब्द ऐकू येत नाही, मग तुम्ही हसता कशाला? होरेसने तिला 'चहा' कसा म्हणायचा ते दाखवलं. पण तिच्या तोंडावर मास्क. शिकून करणार काय?

२७ जानेवारी, गुरुवार

आजपासून मास्कची सक्ती उठली. बाजारात अर्धी तोंडं उघडी, अर्धी झाकलेली, आणि दोघेही एकमेकांकडे असं बघतात की जणू समोरच्याने कपडेच घातले नाहीत. खाटीक म्हणाला, "बाई, काढा ते आता. तुमचं तोंड बघून दोन वर्षं झाली."

"बघून काय करणार? खिमा स्वस्त देणार?"

"तोंड बघून महाग करीन."

काढला नाही. मला माझी काळजी नाही. पण होरेसच्या छातीत तीस वर्षांची कापसाची धूळ आहे. डॉक्टर दोनदा बोललेत, याला हा रोग झाला तर उठणार नाही. मंगळवारी वृद्धाश्रमाची दारं उघडणार. आत सोडणार आहेत. मी बाहेरून रोग नेऊन त्याला द्यायचा नाही, एवढं ठरवलंय.

१ फेब्रुवारी, मंगळवार

आत गेले. घरून तपासणी करून जायची, नाकात काडी फिरवून पट्टीवर थेंब टाकायचे. एक रेघ आली तर आत, दोन आल्या तर घरी. एक आली. दारात नवा मास्क दिला, प्लॅस्टिकचा एप्रन दिला.

होरेसच्या समोर खुर्ची ओढून बसले. तो अदबीने म्हणाला, "हो बाई, जेवलो मी."

मी म्हटलं, "अरे, मी आहे."

"हो, हो," म्हणाला. सगळ्यांना म्हणतो तसं. मग विचारलं, "माझी बायको येणार होती, आली का?"

बोटातली अंगठी दाखवली. म्हणाला, "छान आहे."

उठले, बाहेर गेले, वाफ्यात जाऊन उभी राहिले, मास्क खाली ओढला आणि काचेवर टकटक केलं. त्याचा चेहरा असा खुलला! "आलीस? बरं झालं. आत एक नवी बाई आलीय. बसते तासन् तास, काय म्हणते काही कळत नाही."

दीड महिना काचेच्या बाहेर होते तेव्हा जवळ होते. आता गुडघ्याला गुडघा लावून बसते आणि परकी. वर म्हणतात, निर्बंध सैल झाले.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

होरेसला वरच्या मजल्यावर हलवला. खालच्या खोल्या नव्या येणाऱ्यांसाठी हव्यात म्हणे. वरची खिडकी चार बोटं उघडते आणि त्याची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून. गाड्या लावतात त्या अंगणात उभी राहून हात हलवले. माझ्याकडे बघितलं ते पाव पोचवणाऱ्या माणसाने.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

वृद्धाश्रमाची मुख्य बाई, मिसेस टॅटर्सॉल, हिने आत बोलावून बसवलं. चहा दिला तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे.

"हिल्डा, तो कोणाशी बोलत नाही. विचारलं तर हो म्हणतो. जेवलास का, हो. दुखतंय का, हो. तुझं नाव काय, हो."

"त्याला ऐकू येत नाही. तो तोंड बघून ऐकतो. तोंडं तुम्ही झाकलीत."

"आम्हाला वाटतं, नुसते कान नाहीत. बुद्धीही चाललीय." असं म्हणून तिने मान तिरकी केली. ही मान तिरकी करायची कुठे शिकवतात कोण जाणे. १ मार्चला एक डॉक्टरीण येऊन त्याला प्रश्न विचारणार. उत्तरं आली नाहीत तर त्याला विसरभोळ्यांच्या बंद विभागात पाठवणार, तिकडे समुद्राकाठी. दोन बस आणि एक आगगाडी. एकोणऐंशीव्या वर्षी मी तिथे महिन्यातून एकदा पोचेन.

"त्या दिवशी डॉक्टरणीला मास्क काढायला सांग."

"नियम आहे."

"बाजारात तर काढलेत."

"बाजारात सगळे नव्वदीचे नसतात," म्हणाली.

लिहून दाखवा म्हणे. त्याला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. कागद हातात दिला की डॉक्टरची चिठ्ठी समजून उशीखाली ठेवतो. उशीखाली पंधरावीस झालेत.

१६ फेब्रुवारी, बुधवार

नसरीनने कुठूनसा पारदर्शक मास्क आणला, तोंडाच्या जागी प्लॅस्टिकची खिडकी असलेला. मी म्हटलं, तुझा आजा रात्रपाळीत आमच्या मागांची वाट लावायचा, तू त्याची भरपाई केलीस.

लावला. होरेससमोर बसून म्हटलं, "मी हिल्डा आहे, ओळखलंस का?" मी-मॉला तोंड मोठं उघडावं लागतं, श्वास लागतो. 'हिल्डा'पर्यंत पोचेस्तोवर प्लॅस्टिकवर वाफ धरली. होरेसने खिशातला रुमाल काढला आणि माझं तोंड पुसलं. बाहेरून. वाफ आतून होती.

नसरीन हसली, मग तोंड फिरवलं.

२२ फेब्रुवारी

झोप नाही. मास्क काढला तर त्याला मी सापडते. ठेवला तर तो जगतो, पण समुद्राकाठी, भिंतीकडे बघत. टीव्हीवर एक जण म्हणाला, आता ज्याचं त्याने ठरवायचं. बरे आहेत. दोन वर्षं दुकानात कुठे उभं राहायचं तेही जमिनीवर पट्ट्या मारून सांगत होते. आता पट्ट्या खरवडून काढल्या आणि म्हणे तुमची मर्जी. माझ्या मर्जीवर काय झालंय आजवर? गिरणी बंद झाली ती मला विचारून नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

केरी आली. आल्याचा केक आणला होता होरेससाठी, तो मऊ व्हायला चार दिवस ठेवावा लागतो तर हिने ताजाच आणला. नाक सुरसुर करत होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, फुलांचे पराग, आजी, दरवर्षी होतं. फेब्रुवारीत कसली फुलं! ओले केस घेऊन फिरते, दुसरं काय. गळ्यात पडली, दोन्ही गालांचे मुके घेतले. दोन वर्षांनी कोणी असं आवळलं. हाडं दुखली, पण म्हटलं आवळ.

तिला मंगळवारचं सांगितलं. म्हणाली, "आजी, काढ की सरळ. काय होतंय? सगळे काढतायत."

१ मार्च, मंगळवार

सकाळी तपासणी केली. पट्टी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, शेजारी बीटच्या लोणच्याची बरणी उघडी होती. पंधरा मिनिटांनी बघितलं, एक ठसठशीत रेघ. खाली जरासा फिकट गुलाबी डाग होता, नखाएवढाही नाही, बीटचा असणार. हातही त्यानेच लाल होते. चष्मा वर राहिला होता आणि बस सुटायची होती.

डॉक्टरीण पोरसवदा. डॉ. फेरिस. हातात कागद लावलेली फळी, तोंडावर मास्क. होरेसला मोठ्याने विचारलं, "कोणतं वर्ष चालू आहे?"

"हो," होरेस म्हणाला.

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिताना मला दिसलं. 'हो' एवढा लांब नसतो.

दुसरा प्रश्न. "हो." तिसरा. "हो, बाई."

मी म्हटलं, "डॉक्टर, दोन मिनिटं मी विचारते. शब्द तुमचे, तोंड माझं." तिने नसरीनकडे बघितलं. नसरीनने जमिनीकडे. मग डॉक्टरीण उठली आणि न बोलता खिडकी उघडली, चार बोटं. हे मी हो समजले. मास्क काढला, एप्रनच्या खिशात टाकला.

होरेस माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "कुठे होतीस इतके दिवस?"

महिनाभर रोज त्याच्यासमोर बसले होते. ते सांगत बसले नाही. म्हटलं, "बस चुकली. आता ही पोरगी विचारतेय त्याची नीट उत्तरं दे, नाहीतर तुला समुद्राकाठी टाकतील."

"मला समुद्र आवडत नाही. ओला असतो."

"वर्ष कोणतं?" बरोबर सांगितलं. महिना बरोबर. वार चुकला, पण वार मलाही आठवावा लागला. देशाचा कारभार कोण बघतो विचारलं तर म्हणाला, "कोणी का असेना, त्याच्या हाती मी माग दिला नसता." डॉक्टरीण मास्कच्या आत हसली, डोळ्यांवरून कळलं. शंभरातून सात सात वजा करत चव्वेचाळीसपर्यंत आला. मी दुसऱ्याच सातला अडखळले असते. तीन वस्तू लक्षात ठेवायच्या होत्या, सफरचंद, टेबल, नाणं. शेवटी विचारलं तर दोन सांगितल्या आणि तिसरीच्या जागी मागावरचा "धोटा" म्हणाला. नाण्याचा धोटा झाला तेवढंच.

दोन मिनिटांची पंचवीस झाली. जाताना त्याने विचारलं, "उद्या येशील?" म्हटलं, "रोज येते रे." "कधी?" म्हणाला.

३ मार्च, गुरुवार

नसरीनचा फोन. होरेस इथेच राहणार! डॉक्टरणीने लिहून दिलंय की त्याला तोंड बघू दिल्याशिवाय काही विचारू नये. कागदावर छापून खोलीत लावलंय. मिसेस टॅटर्सॉल रागात आहे, असू दे. घसा बसलाय माझा. किती दिवसांनी पंचवीस मिनिटं मी-मॉ केलं, खवखवणारच. आज गेले नाही. झोपून राहिले. करपलेले बटाटेच खाल्ले, आनंदाने.

५ मार्च, शनिवार

सकाळी मिसेस टॅटर्सॉलचा फोन. होरेसला ताप, पट्टीवर दोन रेघा. शेजारच्या खोलीतल्या मिस ऑर्मरॉडलाही. दारं पुन्हा बंद. मला म्हणाली, तुम्हीही तपासा. तपासलं, चष्मा लावून. दोन. चांगल्या जाड.

म्हणजे मला होरेसकडूनच लागला. मास्क काढला त्याची शिक्षा मला, ठीक आहे. पण त्याला कोणी दिला? त्या काम करणाऱ्या पोरी, संध्याकाळी कुठे कुठे जातात देव जाणे.

८ मार्च, मंगळवार

मला आत सोडत नाहीत, दोन रेघांमुळे. रोज वृद्धाश्रमाच्या अंगणात जाऊन उभी राहते. खोकला आहे, पण उभं राहता येतं. मिसेस टॅटर्सॉल बाहेर आली, दहा हातांवर थांबली.

"हिल्डा, त्या दिवशी तपासणी केली होती ना?"

"केली होती. एकच रेघ."

"नक्की?"

"तुझ्या जन्माआधीपासून मी सुती धागे मोजतेय. रेघ ओळखते."

ती म्हणाली, "त्या आठवड्यात सहा जण येऊन गेले. कोणी आणला ते कोणाला कळणार नाही." मला वाटलं होतं ओरडेल. मान तिरकीसुद्धा केली नाही. इस्पितळात नेऊन उपयोग नाही म्हणाली, प्राणवायूची नळी इथेच लावतील.

११ मार्च, शुक्रवार

तीन वाजता नसरीनने त्याची खुर्ची खिडकीपाशी आणली. तिने वरून हात केला. मी मास्क खिशात टाकला, मोकळ्या जागेत सरकले आणि तोंड उघडलं. अंतर असेल पंचवीस पावलं. गिरणीत याच्या दुप्पट अंतरावरून भांडलोय.

"होरेस, मी आलेय."

त्याने बघितलं. ओळखलं. हात वर केला. आणि बोलायला लागला.

त्याच्या तोंडावर मास्क होता. प्राणवायूचा, नाकापासून हनुवटीपर्यंत, आतून पांढरा झालेला. जबडा हलत होता. वाफ यायची, जायची, पुन्हा यायची.

"कळत नाही," मी म्हटलं. "काय? पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. तितकंच लांब, तसंच. त्याला वाटत असणार मी ऐकतेय. मी हात हलवून खूण केली, काढ ते, काढ. नसरीन मान हलवत होती, नाही, नाही. तिने काढू नये हे मलाही कळत होतं, आणि मी खूण करतच होते.

शेवटी मी म्हटलं, "हो."

त्याने मान डोलावली. समाधान झाल्यासारखी. मग नसरीनने खुर्ची आत घेतली.

नसरीनला नंतर फोन करून विचारलं, काय म्हणाला गं? म्हणाली, "आजी, मी शेजारीच होते, पण त्यांनी आवाज काढलाच नाही. नुसतं तोंड हलवत होते."

कसा काढेल? माझ्याशी बोलत होता.

१३ मार्च, रविवार

होरेस गेला. पहाटे.

२४ मार्च, गुरुवार

काल पुरून आलो. चर्चमध्ये कोणी मास्क लावलेला, कोणी नाही. मला मिठी मारायला यावं की नाही ते लोकांना ठरवता येईना, त्यामुळे बरेचसे खांद्याला हात लावून पुढे गेले. बरं झालं. मिस ऑर्मरॉड बरी झाली म्हणे, त्र्याण्णव वर्षांची. छाती धड आहे तिची, ती कधी गिरणीत नव्हती, मास्तरीण होती.

केरी रात्री इथेच राहिली. सकाळी चहा पिताना अचानक विचारलं, "आजी, त्या मंगळवारी तू पट्टी कुठे ठेवली होतीस?"

"इथेच, टेबलावर. बीटच्या बरणीपाशी. जरा डागही पडला होता तिच्यावर."

"कुठे पडला होता डाग?"

"रेघेच्या खाली. का?"

रंग उतरला तिचा. पराग असतील. उठली आणि कप धुवायला लागली. दोनच कप होते आणि नळ किती वेळ चालू! म्हटलं, पाणी काय फुकट येतं? वळलीच नाही. गेली तेव्हा मिठी मारली नाही, दारातूनच हात केला. या पोरीचं काही कळत नाही.

दुपारी बाजारात जायचं होतं. मास्क लावावा की नको? आता कोणासाठी लावायचा आणि कोणासाठी काढायचा? तरी लावला, आणि बघितलं तर आरशासमोर उभी. होरेसने दोनदा सांगितलं ते किती लांब होतं, जबडा कधी खाली गेला, कुठे थांबला, ते मला पाठ आहे. म्हणून एकेक वाक्य त्याला लावून बघितलं. 'खिडकी लाव, थंडी आहे.' असेल, त्याला गार वारा सहन व्हायचा नाही. 'नळीने घसा सुकलाय.' 'बटाटे बघ.' 'घरी जा आता.' मग 'कुठे होतीस' म्हणून बघितलं.

आरशात सगळ्यांना जबडा सारखाच हलतो.

मी कशाला हो म्हटलं, ते मला माहीत नाही.